भाऊजी आणि धरणाचा भोंगा

माझ्या बहिणीचा नवरा मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला. लग्न ठरवायला आमच्या घरी आलेला हा माणूस ताईकडे बघायचं सोडून न्हाणीघराकडे कान लावून बसला होता. थोड्या वेळाने त्याने वडिलांकडे चक्क पाना मागितला. आमचा गळका नळ दुरुस्त केला, हात पुसले, आणि मग कुठे ताईची चौकशी केली. घरातले सगळे खूश. मी मात्र मनाशी म्हटलं, याचं लक्ष दुसरीकडे आहे.

भाऊजी पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते. रस्त्याखालची पाइपलाइन कुठे फुटली आहे ते शोधणं हे त्यांचं काम. रस्त्यावर लोखंडी सळई उभी टेकवायची, तिच्या लाकडी टोकाला कान लावायचा आणि खाली पाणी कुठून निसटतंय ते ऐकायचं. पुढे खात्यात यंत्रं आली, तरी सळई काही सुटली नाही. आणि रोज सकाळी, थंडी कितीही कडाक्याची असो, धरणाखालच्या नदीत पोहणं. तिथून ओल्या केसांनी ते इतके खुशीत परतायचे की मला ते खटकायचं. नुसत्या पाण्याने कुणी एवढं खूश होतं होय? एकदा मी गुपचूप त्यांच्या मागोमाग नदीपर्यंत गेलेसुद्धा. भाऊजी पाण्यावर उताणे पडून स्वतःशीच गात होते, तेही बेसूर. काठावर दुसरं कुणी नव्हतं. आज ती बाई आली नसेल, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

भाऊजींची पन्नाशी उलटल्यावर ताईच माझ्याकडे तक्रार घेऊन आली. हे बोलत नाहीत, म्हणाली. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ देत नाहीत, जेवताना काही सांगावं तर नुसते हसतात, आणि पाठमोरे बसलेले असले की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. हळूहळू तिनेही बोलणं कमी केलं. त्यांचं मन माझ्यावरून उडालंय, असं तिने पक्कं धरलं होतं. मी तिची समजूत घालायला हवी होती म्हणाल, पण मलाही तेच वाटत होतं.

मग एका सकाळी भाऊजी नदीत बुडून गेले. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजतो, आणि काठावर यायला माणसाला भरपूर वेळ मिळतो. हा नियमही भाऊजींनीच वरिष्ठांच्या मानगुटीवर बसून करून घेतलेला. दरवाजे सांभाळणाऱ्या गेटवाल्याने चौकशीत सांगितलं, की भोंगा वाजला तेव्हा साहेब काठाकडे येत होते, म्हणून त्याने दरवाजे उघडले. पण काठाला हात लावून साहेब पुन्हा आत वळले. सगळ्यांच्या मनात एकच आलं. ताईच्याही. नवरा आपल्याला कंटाळून आपणहून गेला, हे घेऊन ती बाई घरात वावरत होती. रडतही नव्हती.

काही दिवसांनी गेटवाला भाऊजींची सळई परत द्यायला आला. पोहायला जाताना ते ती त्याच्या खोलीत ठेवत. तो नजर चुकवत होता, आणि नजर चुकवणाऱ्याला मी सहसा सोडत नाही. त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सळई उलटसुलट करून बघितली. लाकडी टोकावर खोल वण होते. कुत्र्याने चावलं का, असं मी विचारलं.

"नाही, साहेबांच्या दातांचे आहेत," तो म्हणाला. "हल्ली ते सळई कानाला लावायचेच नाहीत. दातात धरायचे. मी विचारलं तर म्हणाले, दातांना जास्त कळतं."

ताई दारात उभी होती. तिने सळई माझ्या हातातून घेतली, एक टोक स्वयंपाकघरातल्या पाइपला टेकवलं, दुसरं दातात धरलं आणि मला नळ सोडायला खुणावलं. मग दोन्ही कानांत बोटं घातली. बराच वेळ ती तशीच उभी होती. शेवटी सळई बाजूला करून म्हणाली, की कान बंद आहेत, तरी पाणी ऐकू येतंय.

एवढ्यावर विश्वास ठेवीन तर मी कसली. मी गावातले कानाचे डॉक्टर पालथे घातले. त्यातल्या एकाला भाऊजी आठवत होते. वर्षानुवर्षं गार पाण्यात पोहून कानातलं हाड वाढलं होतं आणि आवाज आत जायची वाटच बुजत आली होती. ऑपरेशन करता आलं असतं. पाण्यापासून किती दिवस लांब राहावं लागेल, एवढंच भाऊजींनी विचारलं, आणि परत तिकडे फिरकले नाहीत. डॉक्टरांनी पोहणं बंद करा असं बजावलं होतं, तेही त्यांनी ऐकलं नाही. ऐकू येत नाही हे खात्यात कळलं असतं तर सळई गेली असती, म्हणून घरीही मिठाची गुळणी धरलेली.

मी घरी येऊन ताईला सगळं सांगितलं.

"म्हणजे भोंगा त्यांना ऐकूच आला नाही," ती म्हणाली. "अजून एक फेरी मारू म्हणून वळले असतील."

मी हो म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मला त्या माणसात काही काळंबेरं दिसत नव्हतं. मग ताई चिडली. इतकी चिडली की पदर तोंडाशी घट्ट धरूनही तिला रडू आवरेना.

"मला सांगायला काय झालं होतं? रोज काठावर बसले असते ना मी. भोंगा झाला की हात केला असता."