स्कायलॅब आणि आमच्या चाळीची विहीर

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलं ते म्हणजे शेजारणीची बादली विहिरीतनं काढली. आमची ही कठड्यावर पोट टेकून वाकलेली, हातात बुडालेली भांडी काढायच्या गळाचा दोर. मागं मी. कडी आकड्यात अडकली तसा मी ओढायला गेलो, तर ही ओरडली, ‘थांबा की वो! फिरतीया ती. फिरतंय तवर ओढायचं न्हाय.’

हे तिचं नेहमीचं. गळ आमच्या घरी, म्हणून सगळी चाळ हिलाच हाक मारायची. तुम्ही कधी भांडं काढलं असेल तर ठाऊक असेल, हिसका दिला की कडी निसटते. ही दोर सैल धरून गिरकीबरोबर मनगट वळवायची. बादलीची गिरकी थांबायची. मगच वर.

त्या आठवड्यात सोलापुरात स्कायलॅबचाच विषय. अमेरिकेचं ते अंतराळातलं यान बिघडून खाली येत होतं, कुणाच्या डोक्यावर पडेल नेम नव्हता. बादली थांबेपर्यंत मी गिरणीत कामावर ऐकलेलं सांगितलं. त्याला सावरायला दुसरं यान पाठवायचं होतं, पण ते तयारच नाही.

‘पाठवून काय, गपकन धरणार?’ ती म्हणाली. ‘आदी त्येच्या चालीनं त्येच्यासंगट फिरायचं. मंग आकडा टाकायचा. मंग सावकाश थांबवायचं.’

‘अमेरिकेला पत्र टाक.’

‘तुमी लिवा की. चौथी पास हाय न्हवं?’

पुढं कैक वर्षांनी आमच्या लेकीनं पेपरातनं वाचून दाखवलं, बिघडलेली यानं खरंच तशी धरतात.

शेजारीण बादली घेऊन गेली. ही उठताना कठडा धरून मटकन बसली. ‘अवो, समदं फिरतंय. जरा बसा जवळ.’

मला भूक लागलेली. ‘नाटकं बास,’ म्हणालो आणि दंड धरून हिसक्यानं उभं केलं. ती धुण्याच्या दगडावर पडली. कानामागं लागलं. रक्त आलं नाही. तिनंच भाकऱ्या थापल्या. मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती गेली. लोक म्हणाले, आयुष्य तेवढंच. मीही मान डोलावली. फिरणाऱ्याला कसं धरायचं ते मला, मी हिसका द्यायच्या घटकाभर आधीच, तिनं सांगितलं होतं.

ती गेली त्या सकाळी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. ‘आजच्या दिवस ऱ्हावा की,’ म्हणाली. ‘खाडा पडंल,’ मी म्हणालो. चहा केला, माझा प्यालो. तिचा बशीनं झाकून चुलीपाशी ठेवला, तिचा हात पोचणार नाही इतक्या लांब, आणि कामाला गेलो.