आधी वीस घड्या, मग बोल

शेवटच्या दिवशी सकाळी आत्याच्या हाताला दोनदा सुई टोचली आणि दोन्ही वेळा शीर निसटली. टोचणारी सिस्टर अगदी कोवळी पोर, डोळे रडून सुजलेले. शेजारी आत्याचा धाकटा भाऊ बसलेला. तो उखडला.

"अहो, हात आहे तो! टाचण्या खोचायची उशी नाही!"

"तू गप रे," आत्या म्हणाली. आवाज खोल गेला होता पण धार तीच. "चहा झाला नाही की तुझं तोंड सुटतं."

आमची आत्या याच दवाखान्यात, याच बायकांच्या वॉर्डात चौतीस वर्षं नर्स होती. काळीज थकलं, अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली, तेव्हा हट्ट धरून इथलीच कॉट मागून घेतली. म्हणाली, मरायचंच तर ओळखीच्या पंख्याखाली मरते.

पोरीचं तोंड बघून तिला सगळं कळलं.

"सातव्या कॉटवरची गेली ना आज?"

पोरीने मान हलवली. "तिचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, तूच मारलीस माझ्या आईला." मग खिशावर हात ठेवला. "राजीनामा लिहून आणलाय सिस्टर. दुपारी देते. माझ्याने नाही होत हे."

आत्याला स्वतःच्या शिरेचं काही पडलं नव्हतं. ही पोर जाता कामा नये, एवढंच डोक्यात बसलं. आठ दिवस बघत होती ना तिला. म्हातारीला पुसताना आधी पडदा ओढते, मग पांघरूण काढते. असं शिकवून येत नाही.

"ड्रेसिंगच्या खोलीत खालच्या कपाटात गॉजचा गठ्ठा आहे. आण."

"आता तयार पाकिटं येतात सिस्टर."

"येऊ देत. मी ठेवलेला उंदरांनी खाल्ला नसेल तर आण."

गॉज म्हणजे जखमेवर ठेवायचं ते जाळीचं कापड. पूर्वी नर्साच त्याचे तुकडे कापून घड्या घालायच्या, मग ते वाफेवर शुद्ध करायचे. घडीत कडेचे दोरे आत गेले पाहिजेत, नाहीतर एखादा दोरा जखमेत राहतो आणि जखम चिघळते.

आत्या नोकरीला लागली तेव्हा नाकावर राग. पहिल्याच वर्षी एक भाजलेली बाई तिच्या डोळ्यांदेखत गेली. हिने ट्रे भिंतीवर फेकला आणि घरी येऊन भावाला बदडलं. का, तर म्हणे पंखा चालू ठेवला. तेव्हापासून ती दारात दिसली की भाऊ ओरडायचा, "वाघीण आली, पळा!" पण ट्रेबद्दल म्हातारी मेट्रन, सगळ्या नर्सांची मुख्य, तिला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी गॉज पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "आधी वीस घड्या, मग बोल." पंधराव्या घडीला आत्या रडली. विसाव्या घडीला तिला भूक लागली.

मग तिने तोच नियम धरला. कोणी चिडलं, घाबरलं, की आधी वीस. एकदा ऑपरेशन बिघडलं म्हणून मोठे डॉक्टर वॉर्डबॉयच्या अंगावर धावून गेले. आत्याने त्यांच्याही हातात गॉज दिला. बसले की मुकाट्याने! घड्या सगळ्या वाकड्या. "डॉक्टर, पोटं शिवता आणि हे जमत नाही?" डॉक्टर हसले, आणि जाऊन वॉर्डबॉयची माफी मागून आले.

तर पोर गठ्ठा घेऊन आली, कॉटच्या कडेला बसली.

"दोरे आत," आत्या म्हणाली. "गॉजचे. तुझे आत ठेवू नकोस. बोल."

पोर घड्या घालत बोलत राहिली. सातव्या कॉटवरची रोज तिच्याकडून वेणी घालून घ्यायची म्हणे. हे सांगताना बांध फुटला. आत्याने रडू दिलं, घडी मात्र थांबू दिली नाही.

"आई गेलेल्या माणसाला ओरडायला कुणीतरी लागतं. तू जवळ होतीस. उद्या कुणी हात उगारला तर इन्चार्जला सांगायचं, गिळायचं नाही. किती झाल्या?"

"वीस."

"धू हात. ये."

सुई एका दमात शिरेत. सलाईन टपटप सुरू झालं. आत्याने दुसऱ्या हाताची मूठ वर केली, जशी काही कुस्ती तिनेच मारली.

"बघ रे," भावाला म्हणाली, "माझ्यासारख्या वाळक्या काटकीत शीर शोधली पोरीने! मला तरी सापडली असती का?"

पोर रडता रडता हसली. खिशातल्या कागदाचं आत्याने विचारलं नाही. दुपारी चारच्या सुमाराला आत्या, डोळा लागला तशीच, गेली.

चौथ्या दिवशी भाऊ तिचं सामान न्यायला दवाखान्यात आला. पिशवीत सगळं होतं, चष्मा नव्हता. त्याचा तोल सुटला. "एवढा मोठा दवाखाना आणि एक चष्मा सांभाळता येत नाही? माणूस तर गेलंच, आता..."

टेबलामागून ती पोर उठली. ड्युटीवरच होती. तिने गॉजचा गठ्ठा त्याच्या पुढ्यात सरकवला.

"काका, आधी वीस. चष्मा मी शोधते."

भाऊ बसला. नाक ओढत घड्या घालायला लागला. जरा वेळाने पोर चष्मा घेऊन आली, तो कॉटशेजारच्या कपाटात मागे सरकला होता. तिने तो पुढे केला.

"थांब जरा," भाऊ म्हणाला, "एक राहिलीय."