त्रेसष्ट वस्तू आणि सापडलेबाई

बसस्थानकाच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांचा ढीग आणि पाण्याची टाकी यांच्या मधे एक खोली आहे. तिला एकच खिडकी आणि खिडकीला एक लाकडी फळी. त्या फळीवर कोपरं टेकून टेकून दोन गुळगुळीत खळगे पडले आहेत. एकतीस वर्षांत लाकूडसुद्धा माणसाच्या सवयीचं होतं. ती कोपरं सापडलेबाईंची.

बसमध्ये लोक जे विसरून जातात ते ठेवून घ्यायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं, एवढंच बाईंचं काम. पण छत्री न्यायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, काळी होती. बाई म्हणायच्या, "काळी तर सगळ्यांचीच. खूण सांगा." खूण म्हणजे वरून न दिसणारी. मग माणूस डोळे बारीक करून आठवू लागायचा, की आतली एक काडी वाकलेली आहे, किंवा मुठीवर धाकट्यानं दात रोवले होते. बाईंचं म्हणणं असं, की खोट्याला खूण पटकन सुचते, खऱ्याला आठवावी लागते. या एका तराजूवर त्यांनी एकतीस वर्षं माणसं तोलली आणि एकही वस्तू चुकीच्या हाती गेली नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत.

नवरा शिंपी. त्याच्या मशीनखालच्या चिंध्या बाई उचलून आणत, त्यावर शाईनं आकडा घालत आणि दोऱ्यानं वस्तूला बांधत. घरात तिसरी एक नणंद. तिची जीभ कात्रीच्या धारेची, पण कात्रीला दुकान बंद झाल्यावर विश्रांती असते.

निवृत्तीला अकरा महिने उरले असताना ॲप आलं.

वरच्या कचेरीनं एक फोन दिला आणि नोंदीच्या जाडजूड वह्या पोत्यात भरून नेल्या. ॲप बनवणारी मुलगी स्वतः दोन दिवस खोलीत बसली. एकेक वस्तू हातात घेऊन तिनं यादी केली. एक कुबडी. एक खालची कवळी. पिंजरा, रिकामा. लहान मुलाचा डावा बूट. भिंतीवरचं घड्याळ. छत्र्या एकोणीस. अशा आतल्या भिंतीलगतच्या लांब फळीवर मांडलेल्या त्रेसष्ट वस्तू. यादीच्या डोक्यावर लिहिलं, ताबा : आणि पुढे बाईंचं पूर्ण नाव. जाताना ती म्हणाली, "मावशी, सकाळी उघडायचं, संध्याकाळी बंद करायचं. वस्तू दिली की इथे 'परत दिली' दाबायचं, आणि घेणाऱ्याची सही काचेवर बोटानं घ्यायची. बस्स."

दुसऱ्या दिवशी कवळीवाले गुरुजी आले. त्यांनी खूण म्हणून तोंडच उघडून दाखवलं. बाईंनी कवळी दिली, सही घेतली, 'परत दिली' दाबलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ॲप उघडलं तर कवळी फळीवर होती. म्हणजे ॲपात होती. खऱ्या फळीवर तिच्या जागी धुळीत एक कोरी चकती तेवढी उरली होती.

बाईंनी मदत केंद्राला फोन लावला. तिकडे एक गृहस्थ होते, बोलायला फार गोड.

"ताई, ॲप बंद करून चालू केलंत का?"

"नाही."

"मग बंद करून चालू करा."

बाईंनी केलं. कवळी तिथेच.

"आता उद्या परत एकदा करा," गृहस्थ म्हणाले.

असे अकरा महिने गेले. दिलेली वस्तू सकाळी यादीत परत यायची. नवी लिहिलेली वस्तू सकाळी यादीतून जायची. नव्यांना बाईंनी चिंधीच्या आधारानं सांभाळलं, पण जुन्या त्रेसष्टांपैकी एक्केचाळीस गेल्या आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस यादीत ठाण मांडून बसल्या. सह्यासुद्धा पुसल्या गेल्या. बाई दर सोमवारी फोन करायच्या, गृहस्थ दर सोमवारी तेच सांगायचे. आणि बाई देवभोळ्या माणसानं औषध घ्यावं तशा श्रद्धेनं बंद करून चालू करायच्या.

मग कागद आला. महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. त्याच्या आदल्या दिवशी तपासनीस येतील. यादीप्रमाणे वस्तू भरल्या तर निष्कलंक सेवेचा दाखला. न भरल्या तर वस्तूंचा अपहार असा शेरा.

बाईंनी तो कागद घरी वाचून दाखवला.

"एकतीस वर्षं लोकांच्या छत्र्या सांभाळल्या," नणंद म्हणाली, "आणि शेवटी वहिनी छत्रीचोर. कवळीचोर म्हणजे तर आमच्या सात पिढ्यांत नाही कुणी."

नवरा सदऱ्याची बाही उसवत होता. त्यानं मान वर केली नाही. "तू काय करतेस नेमकं? सगळं सांग. गाळू नकोस."

बाईंनी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग उठून त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला कागदी नमुना काढला, ज्यावरून तो कापड बेततो.

"हा नमुना. यावरून सदरा कापला. गिऱ्हाईक म्हणालं कंबर घट्ट आहे, मी सदऱ्याची कंबर सोडली. नमुन्याची कंबर सुटली का?"

"नाही."

"उद्या तो सदरा टाकून दिला आणि यावरून नवा कापला, तर?"

"कंबर परत घट्ट."

"तुझं ॲप रोज सकाळी नवा सदरा कापतंय. तू दिवसभर टाके घालतेस, ते जुन्या सदऱ्यावर."

बाईंनी तो नमुना हातात घेऊन उलटसुलट पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यांनी पारखून पाहिलं. कवळी 'परत दिली' केली आणि फोन तसाच उघडा ठेवून डबा खाल्ला. हात धुऊन पाहिलं, नोंद जागेवर. मग बंद केलं, चालू केलं. कवळी फळीवर. असं त्यांनी आणखी तीनदा केलं, छत्रीवर, बुटावर, पिंजऱ्यावर. तिन्ही वेळा तेच. ॲप विसरत नव्हतं. दर उघडण्याला ते पहिल्या दिवसाची यादी अंथरत होतं, आधीची असो वा नसो. आणि त्यांना अकरा महिने जे औषध म्हणून दिलं होतं, तोच रोग होता.

त्यांनी ताबडतोब फोन लावला. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, हे फार महत्त्वाचं आहे. लेखी कळवा. ॲपमध्येच तक्रारीचं पान आहे."

बाईंनी अर्धा तास खपून तक्रार लिहिली. संध्याकाळी ॲप बंद केलं. सकाळी तक्रारीचं पान कोरं.

"मग ॲप बंदच करू नकोस," नणंद म्हणाली. "दाखवू त्यांना तसंच उघडं."

"कागदात लिहिलंय, तपासणीआधी तपासनिसांसमोर बंद करून चालू करावे."

"म्हणजे कवळी फळीवरच असणार."

"यादीत असणार," बाई म्हणाल्या. आणि हे बोलताबोलता त्यांच्या डोक्यात ते आलं. यादी बदलत नसेल, तर फळी बदलता येते.

तीन दिवस हातात होते. बाईंनी एक्केचाळीस माणसांची नावं आठवून काढली. कोण कुठल्या गाडीनं जातं हे त्यांना ठाऊक, आणि गाडीचे वाहक त्यांच्या ओळखीचे. वाहकांच्या तोंडून निरोप गेला, की सापडलेबाईंनी बोलावलंय, हरवलेलं घेऊन या. ज्यांना निरोप मिळाला ते आधी गोंधळले. हरवलेलं कसं आणणार? मग त्यांच्या लक्षात आलं, की एकदा हरवून बाईंकडून परत मिळालेलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी खोलीसमोर एक्केचाळीस माणसं आपापलं सामान घेऊन उभी होती. कुबडीवाला सर्वांत शेवटी आला. कुबडीवर येणाऱ्याला वेळ लागतोच. ही कुबडी बसमध्ये विसरून तो घरी कसा गेला होता, हे बाईंना अकरा महिने कोडं होतं. आज विचारलं.

"गप्पांत," तो म्हणाला.

वस्तू फळीवर गेल्या. कुबडी गेली तसा तो रांगेत शेजारी उभ्या एका नर्सबाईंच्या खांद्याला लटकला. गुरुजींनी कवळी काढून बशीत ठेवली आणि तोंड मिटून घेतलं. बुटाची आई बूट घेऊन आली. मुलगा मागे होता, त्याचं पाऊल आता त्यात अर्धंच मावलं असतं. पिंजरावाल्याच्या पिंजऱ्यात पोपट होता.

"नोंदीत पिंजरा रिकामा आहे," बाई म्हणाल्या.

"तेव्हा होता."

पोपट मदतीला आलेल्या शिंपी नवऱ्याच्या टोपीखाली गेला. टोपी स्टुलाखाली, आणि स्टुलावर नणंद, पहारा म्हणून.

तपासनीस आले. वाळलेल्या पावट्यासारखा कोरडा माणूस. त्यांनी बाईंचा फोन घेतला, नियमाप्रमाणे बंद केला, चालू केला. मग एकेक वस्तू हातात घेत, यादीत तिच्यासमोर खूण करत निघाले. कुबडी, बरोबर. कवळी, बरोबर, त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि गुरुजींनी डोळे मिटले. पिंजरा, रिकामा, बरोबर. स्टुलाखालून टोपी दोन बोटं पुढे सरकली. नणंदेनं पायानं मागे घेतली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट भरल्या.

"उत्तम," तपासनीस म्हणाले. "तपासणी झाल्यावर बंद करावे, असा नियम आहे." त्यांनी बंद केलं. आणि दाखला काढण्यासाठी चालू केलं.

एकही खूण नव्हती.

त्यांनी चष्मा पुसला आणि परत पहिल्यापासून मोजलं. परत त्रेसष्ट. परत बंद. परत चालू. कोरं. तिसऱ्या खेपेला दुपार उलटली. मंडळी भुकेजली होती. गुरुजींना कुणीतरी पाव दिला, तो ते नुसता हातात धरून बसले होते.

तपासनिसांनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडचा गोड आवाज खोलीभर ऐकू आला. "साहेब, बंद करून चालू केलंत का?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "मी सांगू?"

आणि त्यांनी सांगितलं. नमुना, सदरा, टाके, सगळं. एक्केचाळीस माणसं बाहेर कशासाठी उभी आहेत तेही सांगितलं. लपवलं काही नाही. टोपीसुद्धा उचलून दाखवली.

तपासनीस रागावतील असं सर्वांना वाटलं. ते नणंदेनं रिकाम्या केलेल्या स्टुलावर बसले.

"मी वर्षभर," ते हळू आवाजात म्हणाले, "पाच ठिकाणी याच ॲपवर तपासण्या केल्यात. तिथे दाखला काढायचा नव्हता, म्हणून बंद केल्यावर परत उघडून पाहिलंच नाही."

नणंदेनं त्यांना पाणी दिलं, आणि म्हणाली, "साहेब, म्हणजे तुम्ही कुठे गेलाच नाहीत."

आता काम भराभर झालं. ज्याचं जळतं त्याला कळतं. बाईंच्या अकरा महिन्यांच्या तक्रारीला जे जमलं नाही, ते साहेबांच्या एका फोनला जमलं. ॲप बनवणाऱ्या मुलीनं पलीकडे आपली ओळ न् ओळ तपासली. मग म्हणाली, "मावशी, यादी आधीपासून असेल तर नवी अंथरू नको, एवढी एक ओळ लिहायची राहिली माझ्याकडून."

"किती वेळ लागेल गं?"

"लिहायला? एक मिनिट."

सुधारलेलं ॲप फोनवर यायला तास लागला. चौथ्यांदा त्रेसष्ट वस्तू मोजल्या. तपासनिसांनी ॲप बंद केलं, तेव्हा बाहेरच्या गर्दीनं खिडकीत माना खुपसल्या. चालू केलं. त्रेसष्ट खुणा जिथल्या तिथे. दाखला निघाला, आणि त्यावर लिहिलं होतं, निष्कलंक. बाईंनी तो दोनदा वाचला आणि घडी न घालता नवऱ्याकडे दिला.

मग एक्केचाळीस वस्तू दुसऱ्यांदा परत देणं आलं. सर्वांत आधी गुरुजी. बाईंनी कवळी हातात धरली.

"खूण सांगा."

गुरुजींनी पाव दाखवला.

संध्याकाळी फळीवर जुन्यांपैकी बावीस वस्तू उरल्या, ज्यांना अजून कुणी विचारायला आलं नव्हतं.

दुसरा दिवस शेवटचा. बाईंच्या जागी गुडघे गेलेला एक वाहक येणार होता. तो आला, खिडकीच्या फळीवर कोपरं टेकून पाहिली, खळग्यांत बसेनात म्हणून सरकून बसला. बाईंनी त्याला सगळं समजावलं, चिंध्या, दोरा, शाई, खोट्याची खूण आणि खऱ्याची खूण. शेवटी ॲप उघडून यादीच्या डोक्यावर, ताबा : याच्यापुढचं आपलं नाव पुसलं आणि त्याचं लिहिलं.

"आता बंद करतो," तो म्हणाला.

"थांब. मी करते."

त्यांनी बंद केलं. चालू केलं. वाहकाचं नाव होतं.

अकरा महिने काही म्हणता काही टिकलं नव्हतं. त्यांनी परत बंद केलं आणि परत चालू केलं. वाहकाचंच नाव.

"बाई, बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. आणि आणखी एकदा बंद करून चालू केलं.

मग पिशवी उचलून त्या निघाल्या. टाकीपाशी पोहोचल्या तेव्हा मागून वाहकानं हाक मारली. बाईंची छत्री खिडकीतच राहिली होती. बाई परत आल्या, हात पुढे केला.

वाहकानं छत्री दिली नाही. छातीशी धरली, जरा संकोचला, आणि म्हणाला, "खूण सांगा."

बाईंना ती पटकन सुचली नाही. उन्हात उभं राहून आठवावी लागली.