भिंतीवरची वाकलेली बाई

चौकातल्या दवाखान्याच्या भिंतीवर आपलं चित्र काढलंय, हे मावशीला मुकादमाकडून कळलं. सव्वीस वर्षं ती हाच रस्ता झाडत होती. हजेरीच्या चौकीत सगळे तिला मावशीच म्हणत, वयाने मोठा असलेला मुकादमसुद्धा. कौतुक वाटलं तिला, खोटं कशाला बोला? केस सारखे करून ती बघायला गेली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भिंतीवरची मावशी कमरेतून पार दुमडली होती. हातात आखूड खराटा, डोळ्यांत पाणी. वर लिहिलेलं, ‘हिच्या पाठीवर शहर उभं आहे.’ आणि खाली चित्रकाराचं नाव, मावशीच्या डोक्यापेक्षा मोठ्या अक्षरांत, फोन नंबरासकट!

यात एवढं चिडण्यासारखं काय, असं कुणी विचारील. विचारणाऱ्याने एक दिवस आखूड खराट्याने रस्ता झाडून बघावा. मावशीने तो चौदा वर्षं झाडला होता. नवऱ्याने कंबर शेकून दिल्याशिवाय तिला जेवायला बसता येत नसे. मग तिनेच बायका गोळा केल्या आणि लांब दांडीचा खराटा मागितला. साहेब म्हणाले, उभ्याने झाडलं तर कचरा राहतो. वर्षभर खेटे घातले. शेवटी एका सकाळी चाळीस बायका ऑफिसच्या दारात खराटे घेऊन वाकून उभ्या राहिल्या, तोंडातून एक शब्द न काढता, साहेब खाली येईपर्यंत. साहेबांना जिना उतरायला तीन तास लागले. तेव्हापासून मावशी ताठ उभी राहून झाडत होती, आणि या दीडशहाण्याने तिला पुन्हा वाकवून ठेवलं होतं.

तो चित्रकार तिथेच होता, महिन्यापूर्वी झाडताना तिचा फोटो काढून गेलेला तोच पोरगा, लोकांबरोबर फोटो काढून घेत.

“आई!” त्याने हात जोडले. आई म्हणायला काय, पैसे थोडेच पडतात!

“माझा फोटो काढलास तेव्हा मी उभी होते की वाकलेली?”

“उभ्या होतात. पण उभ्या बाईत वेदना दिसत नाही हो. लोक थांबत नाहीत.”

“असं? मग झाड. या खांबापासून त्या खांबापर्यंत.”

गटारांची तोंडं साफ करायला तिच्या ढकलगाडीत एक आखूड खराटा असे. तो तिने त्याच्या हातात कोंबला. भोवती माणसं मोबाईल धरून उभी, नाही म्हणायची सोय नव्हती. अर्ध्या वाटेतच त्याने कंबर धरली. मावशीला वाटलं, बरं झालं, डोकं ठिकाणावर येईल.

डोकं कसलं! दुसऱ्या दिवशी सुनेने मोबाईल पुढे धरला. चित्रकार झाडतोय, मागे रडकं संगीत, खाली ओळ, ‘कष्टकऱ्यांचं दुःख मी जगून पाहिलं.’ दोन लाख लोकांनी ते बघितलं होतं. मावशीचं बोलणं कापून टाकलेलं. कोपऱ्यात तिची एक चप्पल तेवढी दिसत होती.

आणि दुपारच्या हजेरीला मुकादमाने वर मीठ चोळलं. “साहेब चित्रावर खूश आहेत. रविवारी तुम्हा सगळ्यांचा फोटो काढायचाय त्या भिंतीपुढे, अगदी चित्रातल्यासारखा. आखूड खराटे मागवलेत.”

“फोटो झाल्यावर त्या खराट्यांचं काय?”

मुकादम हजेरीच्या वहीत बघत म्हणाला, “आणलेत म्हटल्यावर वापरायला नकोत का, मावशी?”

मावशी तडक बाहेर पडली. दवाखान्यासमोर दुभाजकाला आणि विजेच्या खांबांना चुना मारणारे लोक चहाला बसले होते. त्यांची बादली आणि कुंचला तिने उचलला, त्यांच्याच शिडीच्या घोड्यावर चढली आणि भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, भिंतीवर चुना ओढायला लागली. आधी डोळ्यांतलं पाणी गेलं, मग खराटा, मग ती दुमडलेली कंबर. “अहो, नोकरी जाईल!” मुकादम खालून ओरडत होता. तिने डबल हात मारला.

चित्रकार धापा टाकत आला. “आई, काय केलंत हे? माझी मेहनत होती ती!”

मावशी घोड्यावरून उतरली. पांढऱ्याफेक भिंतीवर त्याचं नाव आणि फोन नंबर तेवढा शाबूत होता, एक अक्षरही पुसलेलं नव्हतं.

“तुझं जे होतं ते ठेवलंय बघ,” ती म्हणाली. “पाठ माझी होती.”