आधी जनावर, मग नाना

पावसाळ्यात चार महिने ज्या छपरावर पाणी नुसतं कोसळत असतं, त्याच छपराखाली होळीनंतर प्यायला तांब्याभर पाणी नसतं, हे मी मंचरच्या लोकांना सांगते तेव्हा त्यांना खोटं वाटतं. आमचं गाव घाटघरच्या अंगाला, डोंगराच्या कडेवर. श्रावणात दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही आणि फाल्गुन संपायच्या आत विहिरीचा तळ उघडा. मग बायकांनी खालच्या ओढ्यात उतरायचं, वाळूत हातभर खड्डा उकरायचा आणि त्यात पाझरून येईल ते पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. एक हंडा भरेपर्यंत उन्हं माथ्यावर येत. सहावीपर्यंत मीही त्या खड्ड्याशी रांगेत बसत होते आणि मार्च-एप्रिलच्या हजेरीपटात माझ्या नावापुढं गैरहजेरीच्या फुल्याच फुल्या असत.

त्या रांगेतून मला उठवलं माझ्या चुलत्यांनी. पाण्याच्या बाबतीत या माणसाइतका हट्टी, चक्रम आणि न्यायी माणूस जुन्नरच्या अख्ख्या मावळात दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. माझे वडील मी लहान असतानाच गेले. नाना त्यांचे धाकटे भाऊ, लग्न न केलेले, बैलांत रमलेले. एका सकाळी ते ओढ्यात उतरले, माझ्या डोक्यावरचा हंडा काढला, स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "तू शाळंत जा. पाण्याचं मी बघतो." आमच्याकडे पुरुष डोक्यावर हंडा घेत नाहीत. पारावरच्या लोकांना महिनाभर दुसरा विषय नव्हता. एकानं विचारलं, "काय नाना, आता लुगडं कवा नेसताय?" नाना मान न हलवता, कारण मान हलवली तर पाणी सांडेल, म्हणाले, "हंडा घेतला म्हून मिशी गळत न्हाई भाऊ. तुमी बी घिऊन बघा." त्या हंड्यांवर मी दहावी झाले, जुन्नरला कॉलेजात गेले, वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे लिहिताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

नानांचा नियम एकच होता, आधी जनावर, मग माणूस. गोठ्यातल्या बैलांनी पाण्यातून तोंड वर काढेपर्यंत घरात कुणी घोट घ्यायचा नाही. ही रीत मावळात पुष्कळ घरांत होती. पण बाकीचे लोक ती गोठ्यापुरती पाळत, नाना ती जगभर पाळत. एका भाच्याच्या लग्नात वरात निघाली, बेंजो सुरू झाला, नवरदेव घोड्यावर बसला आणि बघतो तर घोड्यापुढं नाना बादली घेऊन उभे. घोडेवाला म्हणाला, "नाना, बाजूला व्हा, टायम झालाय." नानांनी विचारलं, "नवरदेवानं सरबत पेलं का?" "पेलं." "मंग ज्याच्यावर बसलाय त्यानं काय पाप केलं?" घोडा सावकाश प्यायला, वऱ्हाड उन्हात उभं राहिलं आणि मुहूर्त टळला. एसटीत चढतानासुद्धा ते ड्रायव्हरला विचारत, "गाडीला पाणी पाजलं का?" ड्रायव्हरला वाटे, कुणी रिटायर झालेला मेकॅनिक असावा.

गुडघे गेले तशी त्यांनी बैलजोडी बेल्ह्याच्या बाजारात विकली. व्यवहार झाला, बैल टेम्पोत चढले, तरी नाना टेम्पोची फळी धरून उभे. व्यापाऱ्यानं त्यांच्यादेखत बैलांना पाणी पाजावं, मगच गाडी हलेल, एवढंच त्यांचं म्हणणं. व्यापारी वैतागला. "आवो पावणं, मी बैल घेतल्यात, जावई न्हाई केलेत." पण पाजलं. बैल प्यायले, मग नाना प्यायले आणि चालत निघाले.

गेल्या वर्षी त्यांना मूत्रखड्याचा त्रास सुरू झाला आणि मी त्यांना मंचरला माझ्याकडे आणलं. माझा नवरा चाकणला कंपनीत पाळीवर, मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं दिवसभर घरी नाना एकटे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजोबा, दिवसाला तीन लिटर पाणी. डावी किडनी आधीच कमजोर आहे. पाणी कमी पडलं तर मशीनवर जावं लागेल." मी तीन बाटल्या आणल्या, सकाळी भरून टेबलावर मांडायला लागले आणि संध्याकाळी आल्या आल्या आधी बाटल्या बघायला लागले. रोज रिकाम्या असत. मी खूश.

शाळेत मी कायम झाले तेव्हा बरोबरच्या शिक्षिकांनी मला जेडचं एक झाड दिलं होतं. वीतभर उंच, बुटक्या बुंध्याचं, नाण्याएवढी जाड मांसल पानं. नानांनी पहिल्याच दिवशी त्याला बोट लावून निकाल दिला, "ही त घोळीची भाजी हाये. थोराड झालेली." आणि गॅलरीत त्याच्याशेजारी खुर्ची टाकली. गोठा सुटलेल्या माणसाला बसायला ती जागा बरी वाटली असावी. ते त्याच्याशी बैलांशी बोलत तसं बोलत, येता जाता बुंध्यावरून हात फिरवत आणि दिवसातून चार वेळा त्याला तांब्या तांब्या पाणी घालत. मी शाळेत असे, मला पत्ता नाही. महिनाभरात पानं पिवळी पडली, काचेसारखी पारदर्शक झाली आणि हात लागला की गळायला लागली. कुंडीतून उपटून बघितलं तर निम्मी मुळं कुजलेली.

मी बी.एस्सी. आहे, हे त्या दिवशी मी नानांना जरा जास्तच ऐकवलं. कुजकी मुळं कापली, झाड सावलीत सुकवलं, वाळू आणि विटेचा चुरा घालून नव्या कुंडीत लावलं आणि हुकूम सोडला, "तीन आठवडे याला एक थेंबसुद्धा घालायचा नाही. घातलात तर मेलं समजा." नानांनी विचारलं, "तीन आठवडं? वैशाखात?" "हो." "तू म्हंतीस त न्हाई घालनार," ते म्हणाले. "तू शिकलीयास." माझा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. माझ्या डिग्रीवर त्यांचा माझ्याहून जास्त विश्वास होता. घोळ झाला तो त्याच्यामुळंच.

दुसऱ्या आठवड्यात नाना सुकायला लागले. ओठ फाटले, डोळे आत गेले, जिना उतरताना भिंत धरू लागले. मी बाटल्या बघायची, त्या रिकाम्याच. एक गोष्ट मात्र मला खटकायला हवी होती. स्वयंपाकघरातला माठ मी रोज सकाळी भरते. त्या आठवड्यात भरायला जावं तर तो काठोकाठ भरलेला. मला वाटलं, उन्हाळ्यात नाना मला मदत करतायत. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला तीन बाटल्या आणि एक माठ यांचं गणित सुटलं नाही.

रविवारी सकाळी ते पोटात कळ येऊन भिंतीशी बसले. लघवी आदल्या संध्याकाळपासून नव्हती. दवाखान्यात नेलं. रक्त तपासल्यावर डॉक्टरांचा चेहराच बदलला. "पाणी पितात का?"

"तीन बाटल्या. मी मोजते."

"रिपोर्ट तसं म्हणत नाही बाई. हा माणूस आठवडाभर कोरडा आहे. सलाईन लावतो."

नानांनी हात पोटाशी घट्ट धरला. "न्हाई."

"अहो आजोबा, किडनी बंद पडेल."

"पडू द्या. सुई न्हाई."

डॉक्टर माझ्यावर चिडले. मला बाहेर बोलावून म्हणाले, त्यांच्या मर्जीविरुद्ध मी सुई खुपसू शकत नाही, समजूत घाला. पाच वाजेपर्यंत पोटात पाणी जाऊन लघवी सुरू झाली तर ठीक, नाही तर पुण्याला न्यावं लागेल, तिथं मशीन आहे. त्या वेळी बारा वाजले होते.

रिक्षानं आम्ही घरी निघालो. मला वाटलं, लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही हा जुना खुळचटपणा यांच्या डोक्यात बसलाय. ज्यानं माझ्यासाठी डोक्यावर हंडे वाहिले त्याला माझ्या घरचं पाणी चालत नाही, या विचारानं माझं डोकं पेटलं. घरात पाऊल ठेवताच मी सुरू झाले, "नाना, लेकीचं पाणी बाटतं का? मग तिला शिकवलीत कशाला?"

नाना खुर्चीवर टेकले. दम लागला होता. म्हणाले, "तुज्या घरचं पानी मला दुधापरीस जास्त हाये. पर ह्ये पेलं न्हाई अजून." आणि त्यांनी बोट केलं ते कुंडीकडं.

मला समजायला वेळ लागला.  बैल गेल्यापासून त्यांच्या दावणीला कुणी नव्हतं, म्हणून ते झाड होतं. दावणीचं प्यायल्याशिवाय धन्यानं प्यायचं नाही. मी त्याचं पाणी तोडलं, त्यांनी स्वतःचं तोडलं, सलाईनचंसुद्धा. सकाळच्या चहाला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, भाकरीबरोबर कालवण खात होते, तेवढ्यावर अकरा दिवस काढले होते. बाटल्यांतलं पाणी वाया घालवणं त्यांच्यानं होणार नव्हतं, म्हणून ते परत माठात जात होतं.

मी तांब्या भरला आणि कुंडीशी गेले. "घालते पाणी. मग प्याल ना?"

"थांब," नाना म्हणाले. "मरंल का ह्ये त्यानं?"

खोटं बोलायला हवं होतं. एवढं सोपं खोटं मला जमलं नाही, कारण ते माझ्याकडं शाळेच्या पोरासारखे बघत होते. "मरेल बहुतेक. मुळं अजून धरली नाहीत."

"मंग नगं."

"नाना, तुम्ही मराल."

"मी पिकलोय. त्ये कवळं हाये."

दीड वाजला होता. मी त्यांना विज्ञान सांगितलं. वाळवंटातल्या झाडांचं सांगितलं, पानांची छिद्रं दिवसा बंद असतात ते सांगितलं. वर्गात ज्या धड्याला पोरं जांभया देतात तो अख्खा धडा मी रडत रडत सांगितला. नानांनी तो लक्ष देऊन ऐकला आणि शेवटी म्हणाले, "आसंल. पर त्याच्या तोंडाला पानी लागलं न्हाई, ह्ये बी खरं हाये."

अडीच वाजता माझं सगळं शिक्षण संपलं. हाताशी दुसरं काही उरलं नाही म्हणून मी झाडाचं एक निरोगी पान तोडलं, त्यांचा तळहात उघडला आणि नखानं पान मधोमध फोडून पिळलं. चार-पाच थेंब त्यांच्या हातावर पडले.

नानांनी हात डोळ्याजवळ नेला. थेंब बोटानं चोळून बघितले. मग जिभेला लावले. मग उठले, कुंडीशी वाकले आणि त्यांनी एकेक पान चिमटीत धरून दाबायला सुरुवात केली, बाजारात बैलाचं कातडं चिमटीत धरून बघतात तसं. तहानलेल्या जनावराचं कातडं चिमटीतून सोडलं की लवकर बसत नाही. त्यांनी वरची पानं बघितली, खालची बघितली, घाई केली नाही. मी घड्याळाकडं बघत होते.

"टनक हाये," ते म्हणाले. "ह्ये पेलेलं हाये गं."

"हो नाना."

"पिऊन बसलंय. आता रवंथ चाललीया ह्याची." ते माझ्याकडं वळले आणि खरंच रागावले. "आन् त्ये तू मला आता सांगतीस? छिद्रं का काय सांगत बसली ती. पोटात भरून ठिवलंय एवढं सांगायला कालेज लागतं व्हय?"

मी तांब्या पुढं केला. नानांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि खाली न ठेवता रिकामा केला. मग दुसरा, तिसरा. पुढचा दीड तास आम्ही दोघं गॅलरीत बसून होतो. साडेतीन झाले, चार झाले. नाना झाडाकडं बघत होते, मी नानांकडं. सव्वाचारला ते भिंत धरून उठले, बाथरूममध्ये गेले, बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले तेव्हा फक्त "झाली" म्हणाले. मी डॉक्टरांना सांगायला म्हणून फोन लावला. तो नानांनीच माझ्या हातातून घेतला आणि डॉक्टरांना आधी विचारलं, "तुमी जेवला का?"

त्यानंतर पाण्याचं वेळापत्रक त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. पान चिमटीत धरून, ते सैल लागलं की अर्धी वाटी, नाही तर नाही. माझ्या पुस्तकातल्या तीन आठवड्यांपेक्षा त्यांची चिमूट जास्त बरोबर निघाली, हे मला मान्य करावं लागलं. वर्गात आता मी तो धडा पान फोडूनच शिकवते.

पाऊस लागायच्या आधी नाना गावी परत गेले. राहा म्हटलं, राहिले नाहीत. इथं पाणी नळाला येतं, कुणाला आणावं लागत नाही, मग माणसानं दिवसभर करायचं काय, असं म्हणाले. झाड मात्र ठेवून गेले. दर रविवारी फोन करतात, आवाज आता थकलेला येतो, मधेच तुटतो, आणि चौकशी ते आधी झाडाची करतात, मग माझी. पहिल्यांदा मला याचं हसू यायचं. आता रविवारी फोनला उशीर झाला की मी उगीच गॅलरीत जाऊन उभी राहते.

गेल्या महिन्यात त्यांची शेवटची तपासणी झाली. खडा पडून गेलाय, किडनीचं काम सुरळीत आहे, मशीन लागलं नाही. झाडाला तीन नवीन फांद्या आल्यात.