कोंबड्यांच्या ज्वारीचं पाणी कोण बदलत होतं?

उन्हामुळे आमच्या कोंबड्यांची अंडी कमी झालीत, म्हणून मी त्यांच्यासाठी बादलीत ज्वारी आंबवायला ठेवली, हे इथं सांगितलंच होतं. पण ज्वारी काही आंबेना. फेस नाही, आंबट वास नाही. परातीत दाणे टाकले की कोंबड्या एक चोच मारून निघून जायच्या.

आज नेहमीपेक्षा लवकर उठले, तर सासूबाई बादलीतलं पाणी मोरीत ओतून नवीन भरत होत्या.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"कुरडईच्या गव्हाचं पाणी रोज बदलतो ना आपण? तसंच. नाही तं वास मारते वं."

मला तोच वास हवा होता. हे त्यांना सांगणार, तेवढ्यात मोरीकडे लक्ष गेलं. सगळ्या कोंबड्या ते ओतलेलं, जरासं आंबूस पाणी माना वर करकरून पीत होत्या. दाण्यांची परात तशीच पडलेली.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. आंबवणाचा कस दाण्यात असतो की पाण्यात? तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का?

सासूबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "मले काय इचारतं? कोंबड्या तं रोज माह्या आधी मोरीपाशी येऊन उभ्या असतेत."