तिसऱ्या मजल्यावरच्या चिठ्ठ्या

वाचनालयात तिला सगळे ‘तिसरा मजला’ म्हणायचे. नऊ वर्षांपूर्वी वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि तिने छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरी सोडली, ती सोडलीच. वाचनालयाचे ग्रंथपाल दर बुधवारी घरी जाताना तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या दारात थांबायचे. हाताला येईल ते पुस्तक द्यायचे, जुनं घेऊन जायचे.

एकटीने मनात वाचायची सोय नव्हती. पान उलटल्याचा आवाज आला की आतून अप्पा म्हणायचे, “मोठ्याने.” मग ती मोठ्याने वाचायची.

परत जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकात तिची एक चिठ्ठी असे. प्रवासवर्णनात तिने लिहिलं, ‘सामान कमी असलं की माणूस मोकळा होतो म्हणे. माझ्याकडे सामानच नाही. आता काय करू?’ आरोग्याच्या पुस्तकात रोज एक तास स्वतःसाठी काढायला सांगितलं होतं. त्यावर, ‘कुणाच्या वाटणीचा?’ प्रेमकथेवर, ‘नायिका चारशे पानं खिडकीत उभी. हिची भांडी कोण घासतं?’ रहस्यकथेवर, ‘खोली आतून बंद, तरी खुनी बाहेर कसा पडला, हे मला चाळिसाव्या पानावरच कळलं. या विषयाचा माझा अभ्यास आहे.’ कवितासंग्रह मात्र तिने तीन आठवडे ठेवला. चिठ्ठीत एवढंच होतं, ‘यातली एक कविता अप्पांना वाचून दाखवली नाही.’

ग्रंथपाल या चिठ्ठ्या दाराजवळच्या फळ्यावर लावत. लोक त्या वाचायला मुद्दाम यायचे.

“ताई, रविवारी चारला वाचकांची बैठक आहे,” एका बुधवारी ते म्हणाले. “दहा मिनिटं बोला.”

“अप्पांजवळ कोण बसणार?”

“भाऊ आहे ना तुमचा?”

भाऊ दोन तासांवर राहायचा. हो-नाही करत आला. तिने त्याला औषधं दाखवली, पाणी थोडं थोडं पाजायला सांगितलं.

“जा गं ताई, मी काय लहान आहे?”

सभागृहात तीसेक माणसं होती. एक बाई पुढे येऊन म्हणाल्या, “तुम्हीच तिसरा मजला? मला वाटलं, म्हाताऱ्या असाल.” ती हसली. कितीतरी दिवसांनी अनोळखी माणसाशी बोलत होती. तिच्या आधी दोघांना बोलायचं होतं, तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, अप्पा तोंडच उघडत नाहीत. पाणी थुंकतायत. तू ये बाई.”

“अर्धा तास थांब रे.”

“ठसका लागला तर? मला नाही जमत.”

तिने लिहून आणलेले कागद ग्रंथपालांच्या हातात कोंबले आणि निघाली.

भाऊ बूट घालूनच उभा होता. अप्पा तिच्या हातून अख्खा पेला पाणी प्यायले आणि त्यांनी पुस्तकाकडे बोट दाखवलं.

“आज घसा बसलाय,” ती म्हणाली. साफ खोटं. खुर्ची घेऊन ती गॅलरीत बसली. डोळे ओळींवर फिरत होते, कान मात्र खोलीतच होते.

बुधवारी ग्रंथपाल सांगू लागले, “तुमचे कागद मीच वाचून दाखवले. लोक पोट धरून हसले. ऐका, सकाळी चार तास वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायला माणूस हवंय. तुमचं नाव सुचवलंय मी.”

भावाने या वेळी मनावर घेतलं. सकाळपुरती एक बाई ठेवली, शिवाय गोष्टी ऐकवणारं छोटं यंत्र पाठवलं. बाईच्या हातून अप्पांनी दोन दिवस अन्नाचा कण घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ती बाई आलीच नाही. यंत्रातल्या माणसाचा आवाज गोड होता, शब्दही स्वच्छ. अप्पांनी चांगल्या हाताने ते बंद केलं.

“तू,” ते म्हणाले. “तू वाच.”

वाचनालयाच्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसलं.

अप्पा ‘तू वाच’ म्हणाले, तेव्हा तिला क्षणभर बरं वाटलं होतं. इतक्या ओढीने तिचं वाचणं कुणी मागितलं नव्हतं. मग बरं वाटलं याचाच तिला संताप आला. ती न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि ओल्या भिंतीला टेकून उभी राहिली. अप्पांनी दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तोंड पुसून बाहेर आली.